ऑपरेटरबाईंच्या नावाने

टेलिफोन एक्स्चेंज बंद होऊन जमाना झाला, त्या इमारतीत आता पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे, तरी गल्लीत त्यांना सगळे ऑपरेटरबाईच म्हणतात. उभं आयुष्य त्या बोर्डासमोर बसल्या. कानाला हेडफोन, समोर भोकांच्या रांगा आणि प्रत्येक भोकावर एक बारीकसा दिवा. दिवा लागला की उत्तर द्यायचं. पलीकडे दारुडा असो, चुकीचा नंबर मागणारा असो, नाहीतर नुसता शिव्या घालणारा असो. आधी नमस्कार म्हणायचं, काय ते नीट सांगायचं, मगच वायर काढायची. दिवा जळत ठेवून गप्पा मारणारी मुलगी त्यांच्या हाताखाली कधी टिकली नाही. अशा बाईची ही चांगली सवयच चोरांनी तिच्या गळ्याचा फास केली, संताप येतो तो इथे.

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हा तिने आपला जुना कॉम्प्युटर पुढच्या खोलीत खिडकीजवळ मांडून दिला आणि आईच्या नावाने ईमेलचा पत्ता काढून दिला. बाईंनी तो आणखी कुणासाठी नाही तर धाकट्या भावासाठी शिकून घेतला. हा भाऊ आईच्या शेवटच्या दुखण्यात 'येतो येतो' म्हणत राहिला आणि आला नाही. आई गेली तेव्हाही नाही. पुढे त्याने फोन नंबर बदलला, गाव बदललं आणि ताकास तूर लागू दिली नाही. कुणा जुन्या मित्राकडून त्याचा ईमेलचा पत्ता तेवढा मिळाला. त्या पत्त्यावर बाई अधूनमधून लिहीत. गुडघा दुखतो, पुढच्या खोलीला रंग दिला, तुझी भाची बढतीवर गेली. खाली घरचा फोन नंबर न चुकता. 'का आला नाहीस' हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. ते त्याने आपल्या तोंडाने सांगावं, एवढ्या एका गोष्टीसाठी त्या थांबल्या होत्या. उत्तर कधी आलं नाही. पण पत्रही परत आलं नाही, म्हणजे लाइन चालू आहे, असं त्यांचं म्हणणं.

या पत्त्यावर भावाचं काही येण्याआधी बाकीच्या जगाचं येऊ लागलं. परदेशातल्या लॉटरीत तुमचा नंबर लागला. एका विधवा राणीला तिची संपत्ती तुमच्या हवाली करायची आहे. टक्कल घालवा, पोट घालवा, कर्ज घ्या. दुसरा कुणी असता तर त्याने पुसून टाकलं असतं. बाईंनी उत्तरं दिली. 'नमस्कार. मी लॉटरीचं तिकीट घेतलेलं नाही. आपल्याकडून नावाची गफलत झालेली दिसते, योग्य व्यक्तीस कळवावे.' राणीला त्यांनी चांगल्या वकिलाचा सल्ला घ्यायला सांगितलं. टक्कलवाल्याला आपण स्त्री असल्याचं कळवलं. रोज सकाळी चहा घेऊन बसायचं आणि एकेक दिवा विझवायचा. पण विझवावेत तितके दिवे दुसऱ्या दिवशी दुपटीने लागलेले.

शेवटी नाकी नऊ आले तेव्हा त्या कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवालीकडे गेल्या. किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी तिचा गाळा. चष्मा कपाळावर, हातात स्क्रू ड्रायव्हर, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने आपली अब्रू सांभाळावी.

"काकू, तुम्ही यांना उत्तरं देता?"

"देते. माणूस विचारतोय तर उत्तर नको द्यायला?"

"माणूस कुठला, यंत्र असतं ते. लाखो पत्त्यांवर एकाच वेळी सोडतात. त्यातला एक जण जरी बोलला तरी त्यांना कळतं की इथे कुणीतरी राहतं. मग तो पत्ता आणखी दहा चोरांना विकतात. तुम्ही नम्रपणे दार उघडून सांगताय, घरी मी एकटीच असते म्हणून."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग चोरांवर होता तसा थोडा तिच्यावरही. म्हणजे सभ्यपणे वागलं तर चूक आपली? कुणी हाक मारली तर भिंतीसारखं बसून राहायचं? "बसायचं," दुरुस्तीवाली म्हणाली. "उत्तर नाही, त्यातल्या कुठल्या दुव्यावर बोट नाही, जोडलेली फाइल उघडायची नाही. वर 'स्पॅम'चं, म्हणजे कचऱ्याचं, बटण असतं, ते दाबायचं आणि विसरून जायचं. आणि कॉम्प्युटर अपडेट मागतो तेव्हा करता ना?"

तो रोजच मागत असे. बाई रोजच 'नंतर' हे बटण दाबत. मुलीला विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा, म्हणून. आणि अँटिव्हायरसची मुदत कधीच संपून गेली होती. "एक दिवस घेऊन या, सगळं करून देते," दुरुस्तीवाली म्हणाली. एवढा जड डबा कोण नेणार, म्हणून ते राहून गेलं. उत्तरं देणं मात्र बाईंनी बंद केलं. फार जिवावर आलं त्यांच्या. उत्तर न देता एकेक पत्र पुसताना त्यांना आपणच कुणाचा तरी अपमान करतोय असं वाटे.

अशी डोळ्यांत तेल घालून राहणारी बाई फसली, ती लॉटरीला नाही आणि राणीलाही नाही. एका सकाळी पत्र आलं: 'आपला संदेश पोहोचू शकला नाही. कारण सोबतच्या फाइलमध्ये पाहा.'

इतकंच होतं त्यात. कुणाचा संदेश, कुठला, काही नाही. पण बाईंनी ते दोनदा वाचलं. चारच दिवसांपूर्वी त्यांनी भावाला लिहिलं होतं. म्हणजे पत्ता बंद झाला? त्याने बंद केला? की तोच... पुढचं त्यांनी मनातही म्हटलं नाही. दुरुस्तीवालीचा शब्द न् शब्द पाठ असूनही त्यांनी ती फाइल उघडली. आत कोरं पान होतं. मग एक चौकट आली, तिने ईमेलचा पासवर्ड मागितला. बाईंनी तोही दिला. काही झालं नाही. झालं ते दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी फोन खणखणायला लागला. पहिला नणंदेचा. "अगं, तू घरी आहेस? मग ते परदेशात बॅग चोरीला गेल्याचं काय?" मग जुन्या मैत्रिणीचा. मग शिंप्याचा, ज्याला बाईंनी एकदाच कधीतरी पडद्यांची मापं ईमेलने पाठवली होती. तोही बिचारा घाबरलेला. बाईंच्या पत्त्यावरून, बाईंच्या नावाने, सगळ्यांना एकच पत्र गेलं होतं: परक्या देशात अडकले आहे, सामान, फोन, सगळं चोरीला गेलं, कृपा करून ताबडतोब पैसे पाठवा. भाषा मोडकीतोडकी. "आणि हे मी लिहीन असं वाटलं तुम्हाला?" बाई प्रत्येकाला विचारत होत्या. "मी? ज्या गावात जन्मले त्या गावातून बाहेर न पडलेली मी?" आणि बाईंना आता त्यांच्याच पत्रपेटीत शिरता येईना. पासवर्ड चोराने बदलला होता.

मुलीचा फोन आला. ती घाबरली होती, आणि घाबरली की ती रागावते.

"आई, तो पत्ता कायमचा बंद करून टाक. मी नवा काढून देते."

"तो बंद करायचा नाही."

"त्याच्यात आहे काय ठेवण्यासारखं? सगळा कचरा."

"तुझ्या मामाकडे तोच पत्ता आहे."

मुलगी बोलू नये ते बोलली. "आई, मामा लिहिणार नाही. इतक्या वर्षांत लिहिलं का? तू त्याच्यासाठी चोराला घरात ठेवून घेणार आहेस का?"

"घर माझं आहे," बाई म्हणाल्या. "चोर आला म्हणून मी निघून जायचं, हा कुठला न्याय? तो जाईल." आणि फोन ठेवला. आवाज त्यांनी आयुष्यात कधी चढवला नव्हता, तेव्हाही नाही.

मग बाईंचा निरोप मिळताच दुरुस्तीवालीच घरी आली. आधी तिने इंटरनेटची वायर काढली. कॉम्प्युटरच्या वाटेला न जाता तिने स्वतःच्या फोनवरून पत्रपेटीचा ताबा परत मागितला. मुलीने कधीकाळी बाईंचा मोबाइल नंबर त्यात नोंदवून ठेवला होता म्हणून निभावलं, त्यावर आकडा आला आणि दार उघडलं. नवा लांबलचक पासवर्ड घातला. यापुढे आत शिरताना दर वेळी मोबाइलवर आकडा येईल अशी सोय केली. कॉम्प्युटरमधले फोटो वेगळे काढून, तपासून, बाकी सगळं धुऊन पुसून नव्याने भरलं आणि अपडेट आपले आपण होतील असं करून ठेवलं. एवढं सगळं करताना ती एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हणाली नाही. बाईंना तिच्याविषयी वाटणारा राग त्या दुपारी संपला.

"एक बघते थांबा," जाता जाता ती म्हणाली. "हे लोक एक नियम लावून ठेवतात. तुम्हाला येणारी उत्तरं परस्पर कचरापेटीत. म्हणजे तुम्हाला पत्ता लागू नये आणि त्यांना निवांत बोलता यावं." तिने नियम काढून टाकला आणि कचरापेटी उघडली. नणंदेची चौकशी होती, शिंप्याची होती. त्यांच्या खाली भावाचं नाव होतं.

एकदा नाही. खाली खाली, ओळीने.

दुरुस्तीवालीने चष्मा डोळ्यांवरून कपाळावर सरकवला आणि पाणी प्यायला म्हणून आत गेली. बाईंनी वाचायला घेतलं.

'ताई, तू कुठे आहेस? ठीक आहेस ना? घाबरू नकोस, मी आहे.' त्याखाली चोराचं उत्तर: फोन नाही, पैसे लवकर पाठव. 'पाठवले. पोहोचले का ते सांग. तू एकटी आहेस का? मी येऊ का तिकडे?' चोर: येऊ नको, आणखी पाठव. 'पाठवले. ताई, तुझी सगळी पत्रं मी वाचतो. उत्तर द्यायचं धाडस झालं नाही. आईच्या वेळी मी स्टेशनपर्यंत आलो होतो. तिला तसं बघायची हिंमत नव्हती म्हणून तिथूनच परत फिरलो. नंतर तुझ्यासमोर उभं राहायचं तोंड उरलं नाही. तुला आज काही झालं असतं तर हे सांगायचं राहून गेलं असतं. मला माफ कर.' शेवटी स्वतःचा फोन नंबर.

आणि चोराने उत्तर दिलं होतं: 'काही हरकत नाही, मी तुला माफ केले. उरलेले लवकर पाठव.'

बाईंना आधी रडू यायला हवं होतं. आला तो राग. असा राग त्यांना कधी आला नव्हता. पैशांचा नाही, पासवर्डचा नाही. इतकी वर्षं ज्या चार ओळींची वाट पाहिली, त्या शेवटी आल्या आणि कुणा भामट्याने त्या त्यांच्याआधी वाचल्या. वाचल्या, आणि त्यांच्या नावाने, एका वाक्यात, पैशांच्या तगाद्याला जोडून माफी देऊन टाकली. त्याला काय ठाऊक होतं? आईने शेवटचे दिवस कुठल्या दाराकडे बघत काढले, ते त्याने पाहिलं होतं? माफी द्यायची की नाही, कधी, कुठल्या शब्दांत, हे त्यांचं होतं. जगात दुसऱ्या कुणाचंही नव्हतं.

आणि हा गाढव. त्या मोडक्या भाषेतलं ते एक वाक्य ताईचं समजून निवांत झाला असेल. आज शांत झोपेल. काही न सांगता राहू दिलं तर भाऊ परत मिळेल, चोराच्या शब्दावर. बाईंनी हाही विचार करून पाहिला. मग त्यांनी फोन उचलला आणि नंबर फिरवला.

"कोण?" आवाज जाड झाला होता, पण तोच होता.

"मी बोलतेय."

"ताई... सुटलीस का तू? कुठे आहेस?"

"मी कुठेही गेले नव्हते. इथेच आहे, घरी. ती पत्रं माझी नव्हती. चोराची होती. आता आणखी काही पाठवू नकोस, आधी बँकेत कळव."

मग तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे मी जे लिहिलं ते..."

"त्याने वाचलं. मी आत्ता वाचलं."

"आणि तू जे लिहिलंस..."

"मी काही लिहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तुला माफ केलं ते त्याने. मी अजून केलेलं नाही. मला आधी ऐकायचंय. स्टेशनवर तू किती वेळ बसलास, तिथून सांग."