भावजींचा कोरा शर्ट

माझ्या धाकट्या दिराच्या छातीवरून लाल ओघळ वाहत होते, विमानाची वेळ होत आली होती आणि गोव्याच्या विमानतळावरची माणसं खून झाल्यासारखी बघत होती. खूनबीन काही नव्हता, कोकमाचं आगळ होतं. बाटलीभर आगळ घेतल्याशिवाय हा माणूस कोणाच्या घरी गेलाच नाही. यमाने बोलावलं असतं तरी त्याच्यासाठी एक भरून घेतली असती. तपासणीवाला म्हणाला, "ही नेता येणार नाही." भावजींनी त्याला वास दाखवायला बूच काढलं आणि उन्हात तापलेलं आगळ उसळून अंगावर आलं. बाकीचे कपडे सामानातून कधीच पुढे गेले होते.

त्याच संध्याकाळी बंगळूरला त्यांच्या मुलाच्या लग्नाचं जेवण होतं. आईविना वाढलेला एकुलता एक. फोनवर म्हणाला होता, "बाबा, लुंगी नको. कोटही नको, पण ऑफिसात घालतात तसं नीट या. साहेब येणार आहेत." अख्खा जन्म देवबागला मासेमारीच्या होडीवर काढलेल्या माणसाला ते लागलं. "वैनी, झीलाक माझी लाज वाटता," एवढंच बोलले होते.

नवा शर्ट घ्यायला विमानतळावरच्याच दुकानात शिरले ते मासळीबाजारात शिरल्यासारखे. बांगड्याचा कल्ला बघावा तशी कॉलर उलटून बघितली, वास घेतला. दुकानातली मुलगी म्हणाली, "काका, घालून बघा."

"नको गो बाय. घालून बघितलेलो कपडो कोरो खंय रवलो?"

कोऱ्या कपड्याला कुंकू लावून मग तो अंगात घालायचा, हे आमच्याकडे सगळेच करतात. पण माप आधी बघतात. सुनेच्या ओटीचं कुंकू माझ्या पिशवीत होतं. मी "आधी घाला तरी" म्हणेपर्यंत शर्टाच्या टोकाला कुंकवाचं बोट लागलंसुद्धा. मग घातला, तर पोटावरची बटणं भेटेनात. मी म्हटलं, "दुसरो घ्या." तर म्हणे, "कुंकू लावलेलो टाकूचो नसता." पोट आत ओढलं आणि बटणं लावली. विमानात काही खाल्लं नाही, धड बसलेही नाहीत.

हॉलच्या दारात मुलाने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता तोंड फिरवतो. त्याने हाताला धरून साहेबांपुढे नेलं. "हे माझे बाबा. देवबागला आमची होडी आहे."

तेव्हा भावजींनी श्वास सोडला आणि एक बटण उडून साहेबांच्या बुटापाशी पडलं. ते मी उचललं.

देवबागहून आम्ही दोघंच गेलो होतो. भावजी वारले. हे सांगायला आता मी आहे.