कसरीने झाडलेली गोळी

लोकरीच्या कापडाला लागणाऱ्या सूक्ष्म किडीला आपल्या भाषेत कसर म्हणतात, आणि उणिवेलाही कसरच म्हणतात. रफूताईंचे आयुष्य या दोन्ही कसरी भरून काढण्यात गेले. जिन्याखालच्या चिंचोळ्या खोलीत, उजेड डाव्या खांद्यावरून यावा अशा बेताने त्या चाळीस वर्षे बसल्या. भोक बुजवायला बाहेरचा धागा आणायचा नाही, ही त्यांची रीत. शिवणीच्या आत शिंपी जे जादा कापड राखून ठेवतो, ज्याला तो माया म्हणतो, त्यातूनच धागा उपसायचा आणि ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, मोजून विणायचा. वस्त्राची जखम वस्त्राच्याच मायेने भरायची. आणि गिऱ्हाइकाने सांगितले तेवढेच करायचे. न सांगितलेला टाका त्यांनी कधी घातला नव्हता.

त्यांच्या बाकावर युद्धकाळातल्या वस्तूंचे संग्राहक येऊन बसत. रणांगण त्यांच्यापैकी कुणीच पाहिले नव्हते. पण आपसांत ते हुद्द्यानेच हाका मारत, आणि नवी वस्तू हाती लागली की बढती होई. टोपी मिळाली की नाईक, तलवार मिळाली की सुभेदार. फरशांचा एक व्यापारी याच वाटेने कर्नल झाला होता. त्यांच्या दंतकथांत प्रत्येक दुर्बीण सेनापतीची असे, आणि पोचा आलेल्या पाण्याच्या प्रत्येक बाटलीने कुणाचा ना कुणाचा प्राण वाचवलेला असे. "ताई, त्या युद्धात साधा शिपाई नव्हताच वाटतं," असे सुभेदार स्वतःच म्हणे. भोक असलेल्या कपड्याला त्यांच्यात अधिक मान, आणि कसरीने पाडलेले भोकही गोळीचे म्हणून खपे. म्हणून एकाने विचारायचे, "सगळ्यांत अचूक नेमबाज कोण?" आणि बाकीच्यांनी ओरडायचे, "कसर!" ताईही हसत. त्या हसण्याबद्दल पुढे त्यांना स्वतःचाच फार राग आला.

एका दुपारी कर्नलने एक जाड तपकिरी कोट त्यांच्यापुढे टाकला. "कॉलर तेवढी नीट करा, ताई. पाठीवरच्या भोकाला हात लावू नका. रविवारी प्रदर्शनात मांडायचाय. पाटीसुद्धा लिहून ठेवलीये."

"काय लिहिलंय?"

"पळपुट्याचा कोट! गोळी पाठीत लागलीये ना, म्हणजे गडी पळत होता."

"पळाला, पण कोट ठेवून गेला बिचारा," सुभेदार म्हणाला, आणि बाक हास्याने हलला.

ताईंनी कोट उलटा केला. आतले सुती अस्तर अखंड होते. "गोळीनं लोकर फाडली आणि अस्तराला नमस्कार करून परत गेली होय?"

"ते तुम्हाला-आम्हाला ठाऊक. बघणाऱ्याला कशाला सांगायचं?"

ताईंचा हात तोवर कोटाच्या डाव्या कोपरावर थांबला होता. तेथे एक जुने रफू होते: वेडेवाकडे, वाट चुकलेल्या मुंग्यांच्या रांगेसारखे, रंगही न जुळणारे. माणूस आपले अक्षर विसरत नाही, तसा आपला पहिला टाकाही विसरत नाही. चौदाव्या वर्षी, दादा रजेवर आला असताना, हट्टाने त्याचा कोट मागून घेऊन त्यांनी तो टाका घातला होता. दादा फौजेत स्वयंपाकी होता. परत गेला, आणि तिसऱ्या महिन्यात छावणीच्या इस्पितळात तापाने गेला. कोट गाठोड्यातून घरी आला, आईच्या ट्रंकेत राहिला, आणि आईमागे दुसऱ्या भावाच्या बायकोने घर आवरले तेव्हा भंगारात गेला.

"हा माझ्या दादाचा कोट आहे," त्या म्हणाल्या.

कर्नलच प्रथम सावरला. "अहो ताई, पण नाव कुठं लिहिलंय त्याचं?"

"नाव नाही, म्हणून पाठ कुणाची नाही का?"

"बरं, चिडू नका. बदलतो पाटी. जखमी दोस्ताला वाचवताना मागून गोळी लागली, असं लिहितो. झालं समाधान? एकदम वीर!"

येथे त्यांचा संयम सुटला. "तुमच्या तोंडानं तो भित्राही नको आणि शूरही नको! भाकरीचा तवा सोडून त्यानं काही उचललं नाही. तापानं गेला तो, तापानं! एवढं मरण पुरत नाही का तुम्हाला?"

"कॉलर करून ठेवा," कर्नल पुटपुटला आणि मंडळी उठली.

त्या रागातच ताईंनी, सांगितले तेवढेच करायचे, ही चाळीस वर्षांची रीत मोडली. कोटाच्या शिवणीतली माया उसवून तिच्यातून धागे ओढले आणि दोन दिवस मान वर न करता ते भोक विणून काढले. शनिवारी कर्नलने कोट खिडकीशी धरला, उलटसुलट केला, बोटांनी चाचपला.

"भोक कुठंय?"

"रफूवालीकडे कपडा टाकलात. गेलं."

"वाटोळं केलंत! त्या भोकावाचून याला विचारतो कोण?"

"मग पाडा नवं. ही घ्या कात्री."

कात्री त्याने घेतली नाही. कोट ओढून घेऊन तो निघून गेला.

रविवारी ताई प्रदर्शनाला गेल्या. शिरस्त्राणे, पदके, दुर्बिणी यांच्या झगमगाटात, दारामागच्या खिळ्यावर कोट लटकत होता. खाली कर्नलच्या ठसठशीत अक्षरांत पाटी होती: "साधा कोट. इतिहास नाही."

आपल्या बोटांच्या कौशल्याने दादाची बदनामी पुसली. पण या माणसाने तिच्याबरोबर दादालाही पुसले, हे त्यांना उमगले. त्यांनी शेजारच्या टेबलावरचे पेन उचलले आणि पाटीवरच्या दोन्ही वाक्यांवर आडवी रेघ मारली.

"अहो, हे काय करताय?" कर्नल धावत आला. भोवतीचे लोक वळून पाहू लागले.

ताई लिहीतच राहिल्या. रफूत मुरलेला हात, पण अक्षर कच्चे; ओळ पुरी व्हायला वेळ लागला. "याने दोनशे माणसांना दोन वेळा जेवू घातले. तापाने वारला."

"हे कोण वाचणार, ताई?"

"नका वाचू," त्या म्हणाल्या. "पण आता इथं उभं राहून हसून दाखवा."

कर्नलने पाटीकडे हात नेला. सुभेदाराने तो मध्येच धरला आणि खाली आणला. ताईंनी पेन जागेवर ठेवले आणि प्रदर्शन बंद होईपर्यंत त्या कोटापासून हलल्या नाहीत.