आरशाच्या दोन्ही बाजूंना

कुणाच्याही वास्तुशांतीला गेलं की माझी आत्या आधी बाथरूम बघायची. बाकीच्या बायका हॉलच्या पडद्यांचं कौतुक करत असायच्या आणि ही आत दिवा लावून आरशासमोर उभी! बाहेर येऊन यजमानांना तोंडावर सांगायची, "घर झकास आहे, पण आत स्वतःचं तोंड दिसत नाही हो." आम्ही तिला उजेडआत्याच म्हणायचो.

हे वेड तिला लागलं काकांमुळे. काका, म्हणजे आत्याचे मिस्टर, सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर होते. निवृत्तीच्या आधीच काचबिंदूने त्यांची नजर अधू केली. भाड्याच्या घरात बाथरूमला एकच बल्ब, तोही दाराच्या वर. आरशासमोर उभं राहिलं की उजेड पाठीवर आणि चेहरा अंधारात. काका रोज गाल कापून घ्यायचे. सलूनमध्ये कुणीतरी हात धरून न्यायचं, हे त्या मानी माणसाला सोसेना. शेवटी त्यांनी दाढीचं सामान उचलूनच ठेवलं. "सिंहस्थ जवळ आलाय. साधूंमध्ये खपून जाईन," म्हणाले.

आत्या उसळली. "साधू व्हायचं तर खुशाल व्हा. पण दाढी करता येत नाही म्हणून व्हायचं नाही!"

त्याच सुमारास त्यांनी पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घेतला होता. वायरिंग व्हायचं होतं. एका संध्याकाळी आत्याने मला आणि माझ्या बाबांना बॅटऱ्या घेऊन तिथे बोलावलं. बाथरूमच्या कच्च्या भिंतीला आरसा टेकवला, काकांच्या गालांना साबण फासला आणि आमची कवायत सुरू केली. "वर धर. नको, डोळ्यांखाली खड्डे पडले. दादा, तू मागे हो. छे, यांचीच सावली पडली!" मग मी आरशाच्या डावीकडे, बाबा उजवीकडे, बॅटऱ्या काकांच्या गालांच्या उंचीला. काका एकदम म्हणाले, "अगं, कान दिसला!"

"हलू नका कुणी!" आत्या ओरडली आणि पेन्सिलीने भिंतीवर खुणा करत सुटली. ती संध्याकाळ आठवली की मला अजून नाचावंसं वाटतं.

वायरमन म्हणाला, "मॅडम, बाथरूममध्ये एवढे पॉइंट कोण काढतं?" "आम्ही काढतो," आत्या म्हणाली. बटणं बाहेर, ओल्या हाताला लागणार नाहीत अशी. अंघोळीच्या जागेवर वाफ न शिरणारा बंद दिवा. आणि आरशाच्या दोन्ही बाजूंना दोन बल्ब.

एवढं करून बाई फसलीच. हौसेने तिने पांढऱ्याशुभ्र, चकचकीत टाइल्स बसवून घेतल्या होत्या. बल्ब लागले आणि काकांनी डोळेच झाकून घेतले. "सगळं पांढरंच दिसतंय गं. बेसिन कुठंय?" आत्याचा चेहरा पडला. पण पडून राहील ती आत्या कसली! तशीच रिक्षा करून मेन रोडला गेली आणि दुधी काचेच्या शेड घेऊन आली. बेसिनजवळ लालभडक मग ठेवला, बाजूच्या टाइल्सवर गडद निळा टॉवेल टांगला. उजेड मवाळ झाला. दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः दाढी केली, एकही काप न लागता. आत्याने बिल्डिंगभर पेढे वाटले. लोकांना वाटलं, घरात कुणी पास झालं.

पुढे रोज सकाळी ती दारात उभी राहून तपासणी करायची. "हनुवटीखाली राहिली बघा." काका कुरकुरत पुन्हा रेझर फिरवायचे, पण खूश असायचे.

काही वर्षांनी काकांची उरलीसुरली नजरही गेली, आणि त्यानंतर आत्या अचानक गेली. मला तिची फार आठवण येते.

मध्यंतरी सकाळीच काकांकडे गेले. ते आरशासमोर हाताने चाचपत दाढी करत होते. दोन्ही दिवे लख्ख चालू होते. मला वाटलं, चुकून राहिले असतील. "काका, दिवे बंद करू का?"

"राहू दे," काका म्हणाले आणि हनुवटी वर केली. "कुठं राहिली ते तिला दिसायला नको?"