आमच्या देवासाठी सोडलेला मेंढा

झरीला जायची मला मुळीच इच्छा नव्हती. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता, तेव्हाची ही गोष्ट. आज मी सांगतोय आणि नात टाइप करतेय. जालन्यात मी मिशनच्या शाळेत मास्तर होतो. त्याच्या चार महिने आधी आमचा सहा वर्षांचा योहान विषमज्वरानं गेला होता. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर, झरीहून मेंढ्या घेऊन आलेल्या मेंढपाळांची ठकी त्याच तापानं पडली होती. मी आणि माझी बायको मार्था, दोघंही दोन्ही लेकरांसाठी गुडघे टेकत होतो. ठकी बरी होऊन घरी गेली आणि तीन दिवसांनी योहान गेला. तेव्हापासून मार्थानं प्रार्थना सोडली. मी शाळेत करायचो, पण नुसती पगारापुरती.

मग झरीहून कार्ड आलं. ठकीच्या आईनं, गयाबाईनं, तिथल्या गुरुजींकडून लिहून घेतलं होतं: नवस फेडायचाय, मास्तर पाहिजेत. मार्था म्हणाली, "तुम्ही जा. मला ती पोर बघवणार नाही."

जालन्याहून पॅसेंजरनं निघालो. मे महिना, डबा नुसता तापलेला. मानवतला आडते चढले आणि परभणीपर्यंत कापसाच्या भावाशिवाय दुसरं काही बोलले नाहीत. मला ते बरंच वाटलं. परभणीत चहा घेतला आणि झरीवरून जाणाऱ्या जिंतूरच्या मोटारीसाठी दोन तास ताटकळलो. जागा मिळाली ती इंजिनाशेजारी. तुम्ही उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळची पहिली गाडी धरा, पाणी जवळ ठेवा आणि पुढे बसू नका.

झरीबाहेर एका रानात मेंढ्या बसवल्या होत्या. लेंड्यांचं खत होतं, म्हणून शेतकरी त्याबदली मेंढपाळांना ज्वारी देतात. गयाबाईनं नवसाचा म्हणून लोकर न कातरलेला एक मेंढा ओढत माझ्यापुढे आणला.

"तुमच्या देवाच्या नावानं सोडलाय, मास्तर. कुठं कापायचा तेवढं सांगा."

"आमचा देव मेंढा घेत नाही, बाई."

तिचा चेहरा उतरला. "घेत न्हाई? मंग उद्या माजी पोरगी परत मागितली तर?" आणि लगेच म्हणाली, "तुमी काय दिलं? तुमचा बाळ बरा झाला न्हवं?"

"गेला," मी म्हणालो.

तिनं मेंढ्यांमागे पळणाऱ्या ठकीकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "माज्या ठकीच्या बदली नेला का त्यानं?"

खरं सांगतो, हाच प्रश्न चार महिने मला खात होता. तो मी मार्थालाही बोललो नव्हतो. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि एकदम संताप आला.

"नाही! लेकरांची अदलाबदल करणारा देव असता तर मी त्याला कधीच सोडलं असतं."

"मंग तुमचं का न्हाई ऐकलं?"

"माहीत नाही. येशूनंसुद्धा मरणाच्या आदल्या रात्री देवबापापाशी मागितलं होतं, मला यातून सोडव म्हणून. त्यालाही मिळालं नाही. ज्याला स्वतःला नकार मिळालाय, त्याच्यापाशी मला रडता येतं. एवढ्यासाठीच मी अजून त्याला धरून आहे."

तिला किती कळलं कोण जाणे. मला तरी कुठे सगळं कळलं होतं? तिच्या समाधानासाठी मी मेंढ्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणालो, देवा, हिच्याकडे तुझं काही बाकी नाही. मेंढा पुन्हा कळपात गेला. गयाबाईनं भाकरी आणि ठेचा वाढला. मी पोटभर जेवलो, आणि मग मला रडू आलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलो. अंग नुसतं आंबून गेलं होतं. तरी मार्थाला सगळं सांगितलं, योहान ठकीच्या बदली गेला का, हा प्रश्नही. तो तिच्याही मनात होता, हे मला तेव्हा कळलं.

"पोर कशी आहे?" तिनं विचारलं.

"मेंढ्यांमागे पळते. फार ओरडते त्यांच्यावर."

ताट वाढून झालं तरी मार्थाचा हात घासाकडे गेला नाही. तिनं डोळे मिटले. "ठकीला सांभाळ," एवढंच म्हणाली आणि जेवायला लागली.