डोंगर लांब दाखवणारी लेन्स

स्वस्तातली वाइड लेन्स घ्यायची ठरवल्यावर मी महिनाभर घरच्यांचं डोकं खाल्लं. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्समध्ये पळसदरीचं धरण मावायचं नाही. पाणी घ्यावं तर डोंगर कापला जायचा. नवी लेन्स परवडत नव्हती. शेवटी कर्जतच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकडे जुनी मिळाली. धंदा बंद करून तो सामान विकत होता.

वस्तू पारखून घेण्यात मी स्वतःला हुशार समजतो. मोबाइलच्या टॉर्चने आत बुरशी आहे का बघितलं, कारण आमच्याकडची ओल काचेलाही सोडत नाही. उजेड कमी घेते म्हणून लोक असल्या लेन्सला नावं ठेवतात. पण डोंगरदऱ्यांचे फोटो ट्रायपॉड लावूनच काढायचे, मग बिघडलं कुठे? तो फोटोग्राफर एवढंच म्हणाला, "हिच्यात लांबचं आनखी लांब जातं. जवळचं कायतरी पुढं धरा, नायतर डोंगराची टेकडी होईल." हा मला काय शिकवणार, असं मनात म्हणत मी मान हलवली आणि विसरून गेलो.

पहिला फोटो काढला तो आत्याच्या घराचा. कोंडाणे लेण्यांच्या बाजूला, वाडीतलं शेवटचं घर. त्याच्या मागे लगेच डोंगराचा चढ सुरू होतो. मी समोरच्या खाचराच्या बांधावर गुडघे टेकून बसलो. पुढे हिरवंगार भात, मधे घर, वर ढग आणि पार मागे निळसर डोंगर. इतका देखणा फोटो माझ्या हातून आधी निघाला नव्हता. फ्रेम करून मी तो आत्याला दिला आणि तिने देवांशेजारी लावला.

पुढच्या उन्हाळ्यात डोंगरावरून दोनदा दगड आले. पावसाळाभर वरच्या घरांनी खाली शाळेत राहायचं, असं गावाने ठरवलं. बाकीचे गेले, आत्या गेली नाही. समजवायला येईल त्याला ती भिंतीवरचा फोटो उतरवून दाखवायची. "बघा, डोंगर केवढा लांब हाय. माज्या भाच्यानं काढलाय, भारी कॅमेऱ्यानं." मागचं दार उघडून बघितलं असतं तरी पुरे होतं, पण रोजचा डोंगर कोण बघतो?

हे कळलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेन्सच तशी आहे, ती लांब नसलेलं लांब दाखवते, असं मी तिला सांगितलं.

"मंग तवा का नाय बोललास रं?"

लांबचं जवळ ओढणारी लेन्स लावून दुरून फोटो काढला असता तर डोंगर थेट छपरावर दिसला असता, आणि तोही खरा नव्हता. म्हणून मी पावलांनी मोजलं. मागच्या भिंतीपासून डोंगराच्या पायापर्यंत सव्वीस पावलं.

"तुजी ढांग मोठी," आत्या म्हणाली. "माजी पन्नास भरतील."

श्रावणात एका सकाळी तिचा फोन आला. मागच्या झऱ्याला तांबडं पाणी येत होतं. "ये, फोटो काढ. ती रुंद लेन्स आन, सगळं मावंल."

झऱ्याचं पाणी गढूळ झालं की डोंगर आतून सुटतोय, हे मी ऐकून होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यावर ओरडलो आणि तिला शाळेत आणून बसवलं. येताना तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रेम तेवढी घेतली. तीन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही.

त्या तीन दिवसांत पाऊस कोसळला, पण झालं काहीच नाही. चौथ्या दिवशी ऊन पडलं.

"बघ. लांब हाय म्हनलं ना?" फ्रेम काखेत मारून आत्या निघाली. हातापाया पडलो, तरी ऐकेना. मी तिच्या मागे गेलो. झरा अजून तांबडाच होता. ती घर उघडेपर्यंत मी मागच्या भिंतीला टाच टेकवली आणि डोंगराच्या पायापर्यंत पावलं मोजली.

तेवीस.

चुकलो असेन म्हणून पुन्हा मोजली. तेवीसच. आत आत्या खिळ्याला फोटो अडकवत होती, आणि तो सरळ बसलाय का, असं मला हाक मारून विचारत होती.