दाराबाहेरचे बूट

माधव नगरातल्या सुलूताई दिघे, निवृत्त शिक्षिका, भारी फटकळ. डिसेंबरात उज्जैनची फरशी पायाला चावते, तेव्हा त्या स्वतः विणलेले लोकरीचे मोजे घालतात. टाचा विरल्या की हाताला लागेल त्या रंगाच्या लोकरीनं भरतात.

यंदा कॅनडाहून आल्हादनं, त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, पार्सल पाठवलं. पार्सलात गिर्यारोहक थंडीत तंबूत घालतात तसले, पिसं भरलेले मऊ, गुबगुबीत बूट. तुझ्या जाड मोज्यांवर बसावेत म्हणून दोन नंबर मोठे घेतलेत, असं तो फोनवर म्हणाला.

“आई, घरातच घालायचे हां.”

“घरात बूट? स्वयंपाकघरात देव आहेत माझे! एवढंही विसरलास?”

फोन ठेवून त्यांनी बूट उचलले आणि दाराबाहेर आपल्या चपलांशेजारी नीट जोडीनं मांडले. पाय मोज्यांतच गारठत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शर्माभाभी दारात थबकल्या. इतके मोठे बूट त्यांनी या दारात कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

“दीदी, आल्हाद आया है क्या?”

नाही म्हणायला सुलूताईंनी तोंड उघडलं. मग एकवार बुटांकडे पाहिलं.

“हाँ,” त्या हळूच म्हणाल्या, “थका हुआ है. अभी सोया है.”

भाभी गेल्या. सुलूताईंनी आवाज न करता दार लोटलं, आत आल्या आणि टीव्हीचा आवाज कमी केला.