नवसाचा कोंबडा

“हसली! वयनी, हसली! मी माज्या डोल्यानी बगितली!”

माझे चुलत सासरे ओल्या जवळ्याच्या पाटीत बसून माझ्या सासूला ओरडून सांगत होते. मुद्दाम बसले नव्हते. आमचा कोंबडा त्यांच्या टकलावर उतरला, ते मागे सरकले, आणि मागे नेमकी पाटी होती. मिशीत जवळा, कानात जवळा, कंबरेच्या रुमालात किती गेला ते समुद्रालाच ठाऊक. मी ओट्यावरून हे पाहिलं आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला, की वाणगावच्या फलाटावरचे लोक गाडी आली समजून सामान उचलून उभे राहिले असणार.

आतून सासू धावत आली. हातात कोयता.

आता सून हसली म्हणून कुणी कोयता आणतं का? आमच्या दांडी गावातल्या घरात आणला, कारण नवसच तसा होता.

साठ-सत्तर सालांच्या दरम्यानची गोष्ट. नवरा होडीवर, सासू मासळी सुकवून विकणारी, आणि मी घोंगडीखाली. आज डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात, आणि त्याला नाव आहे हे ऐकूनच मला अर्धं बरं वाटतं. तेव्हा नाव नव्हतं. ताप नाही, खोकला नाही, धड रडूही नाही. अंगावर कुणीतरी ओलं जाळं टाकून विसरून गेल्यासारखं वाटायचं. वेणी घालायला हात वर जायचा नाही. बोईसरच्या डॉक्टरनं शक्तीचं गुलाबी औषध दिलं. ते इतकं गोड होतं, की बाटलीमागून मुंग्यांची रांग थेट बोईसरपासून घरापर्यंत आली. मुंग्या धष्टपुष्ट झाल्या. मी होते तिथेच.

शेवटी सासू गावदेवीला नवस बोलली, की सून बरी होऊन पहिल्यासारखी हसली तर कोंबडा देईन. मनोरच्या बाजारातून एसटीनं, मांडीवर बसवून, ती कोंबडा घेऊन आली. वर एक अट होती. तोवर त्याला दाणापाणी फक्त सुनेनं घालायचं, दुसऱ्या हाताचं त्याला चालत नाही. ही अट देवीची की सासूची, ते मला आजवर कळलेलं नाही.

कोंबडा कसला, सरदार होता. नवसाचा म्हणून कुणी त्याला हात लावायचं नाही, आणि हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं. पलीकडे मोठं बांधकाम चाललं होतं, तिथे सुरुंग उडायचे. सुरुंग उडाला की याला वाटायचं कुणीतरी आव्हान दिलं. मग तो छपरावर चढून असा आरवायचा, की पुढचा सुरुंग लाजून फुसका जायचा. बांधकामावर जाणारा एक मजूर तर सायकलवरून उतरून मला म्हणाला, “भाभी, ये मुर्गा है कि दारोगा?”

हा दारोगा उजाडताच माझ्या घोंगडीवर उभा राहायचा. नाही उठलं तर नाकावर चोच. उठावंच लागे. कणी घालायची तर अंगणात जावं लागे, पाणी ठेवायचं तर विहिरीवर. विहिरीवर गेलंच आहे तर तोंड धुतलं जाई. माझ्या केसांत तो किडे शोधायला लागला, तेव्हा लाजेकाजेस्तव नहाणं झालं. भाकरी ताटात ठेवून मी शून्यात बघत बसले की तो ती पळवायचा, म्हणून भूक नसताना घाईघाईनं चार घास पोटात जायचे. एकदा तो किनाऱ्याकडे पळाला आणि मी मागे. किती महिन्यांनी पायाला वाळू लागली! बरं वाटलं असं नाही म्हणणार. पण त्या दिवशी संध्याकाळ झाली, हे मला कळलं. त्याआधीच्या संध्याकाळी कुठे गेल्या, देव जाणे.

चुलत सासरे रोज यायचे. “काय गो, आज कशी हाय तब्येत?” विचारायचे मला आणि बघायचे कोंबड्याच्या मांडीकडे. उत्तराला उशीर झाला की उसासा टाकायचे. “लवकर बरी हो, बाय. तो निबर होत चाललाय, आनि माजे दात पडत चाललेत. मधल्या मधी गाठ पडली पायजे.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की मी जेवढी सुधारेन तेवढा कोयता त्याच्या मानेजवळ येणार. माझ्यासाठी मी उठत नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी उठत होते ती त्याच्यासाठी. मग मी हसू लपवायला लागले. आलं की पदर तोंडात. एके दिवशी तर अर्धं लुगडं गिळलं होतं.

आणि चुलत सासरे पाटीत पडले, त्या दिवशी पदर हाताशी नव्हता.

सासूनं कोंबड्याचे पाय धरून त्याला उलटा केला. एवढा दारोगा, पण एकदम गप्प झाला.

“आये, थांब,” मी म्हणाले. “मी हसले, पन बरी नाय झाले.”

“मग हसली कशाला?” पाटीतून चुलत सासरे.

“आलं हसू. पन काल ह्याला दाने घालून परत निजले ती सांजेपर्यंत, आये, तू बगितलंस. उद्या परत तसंच होईल. आज हा बोंबलला म्हनून उठले. ह्याला कापलास तर परवा कशाला उठू, मला ठाव नाय.”

एवढं लांबलचक मी त्या घरात पहिल्यांदाच बोलले असेन. सासूनं कोंबड्याचे पाय सोडले नाहीत. कोयता हातात तसाच.

“वयनी,” चुलत सासरे मिशीतला जवळा काढत समजुतीनं म्हणाले, “देवीला सांग, अर्धी बरी झालीय. अर्धा तरी कापू.”

सासूनं कोंबडा खाली सोडला. तो पिसं झाडत थेट आपल्या पाण्याच्या करवंटीपाशी गेला आणि रिकाम्या करवंटीत चोच आपटायला लागला. सासूनं कोयता लुगड्याला पुसला.

“त्याचं पानी संपलंय,” ती म्हणाली.